उसन्या फौजेची किंमत

वैतरणेच्या मुखाशी असलेल्या अर्नाळ्याच्या जंजिऱ्यावर होडीने गेले, की दरवाजावरचे कोरीव हत्ती आणि शिलालेख नजरेत भरतात. बाजीरावांच्या आज्ञेने, पाश्चात्यांना हटवून हा जंजिरा बांधला, असे तो शिलालेख अभिमानाने सांगतो. १७३७ मध्ये मराठ्यांनी अर्नाळा पोर्तुगिजांकडून तलवारीने घेतला, हे खरेच. पण या किनाऱ्याचा धनी अनेकदा तहाने बदलला आणि त्या तहांचे मूळ एकच दिसते: ज्याला स्वतःच्या बळाचा भरवसा उरला नाही, त्याने दुसऱ्याच्या बळासाठी मुलूख मोजला. हुमायूनची धास्ती घेतलेल्या गुजरातच्या बहादुरशाहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली. पेशवाईच्या गादीसाठी इंग्रजी पलटणी हव्या असलेल्या राघोबादादांनी मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टीसह तीच, आता मराठ्यांकडे असलेली वसई इंग्रजांना लिहून दिली. पुढे त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव, यशवंतराव होळकरांपुढे पुणे सोडून पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईतच तैनाती फौजेच्या तहाला बांधला गेला. सहा हजार पायदळाच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख त्याने तोडून दिला.

यावर कोणी म्हणेल, तहाने गेलेले तहानेच परतही आले. १७८१ च्या आरंभी इंग्रजांनी जिंकलेला अर्नाळा सालबाईच्या तहानंतर वसईबरोबर मराठ्यांना परत मिळाला, हे मान्यच. पण १७८२ चा तो तह घडवून आणला महादजी शिंद्यांनी, आणि त्यांची फौज त्यांची स्वतःची होती. मागे वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकले होते, त्याचेही वजन त्या कागदामागे होते. तरी साष्टी गेली ती गेलीच. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावापुढे वेगळा मार्ग नव्हता, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. होळकरांकडून हडपसरला झालेल्या पराभवानंतर तो एकाकी होता, हे नाकारता येत नाही. पण अडचणीत मदत मागणे वेगळे आणि इतर दरबारांशी बोलणी करण्याआधी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला विचारण्याचे कबूल करणे वेगळे. पहिल्याने गादी वाचते, दुसऱ्याने ती रिकामी होते. हा फरक त्याच्या ध्यानात आला तोवर फार उशीर झाला होता. जून १८१७ च्या पुणे तहात इंग्रजांनी पुन्हा फौजेच्याच खर्चापोटी उत्तर कोकण मागितले आणि त्यात अर्नाळाही गेला. आज त्या बेटावर कोळ्यांची वस्ती आहे, दरवाजावर बाजीरावांचे नाव तसेच आहे. ते नाव थोरल्या बाजीरावांचे. मुलूख सोडला तो त्यांच्या नातवाने.