वारासिवनी स्टेशनाच्या पुढे

खैरलांजी म्हटले की मराठी वाचकाला २००६ सालचे हत्याकांड आठवते. ते गाव भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले. इथे ज्या खैरलांजीविषयी लिहायचे आहे ते वैनगंगेच्या वरच्या अंगाला, मध्यप्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले तहसिलीचे गाव आहे. पोवारी, मराठी आणि हिंदी एकाच बाजारात बोलल्या जाणाऱ्या या धानाच्या पट्ट्यातून १९५६ साली राज्यांची सीमा आखली गेली आणि बालाघाट विदर्भाबरोबर गेला नाही. गावाला स्वतःचे स्टेशन नाही. वारासिवनी, कटंगी, तिरोडी किंवा तुमसर इथे उतरायचे आणि पुढचा रस्ता दुसऱ्या चाकांवर काटायचा, हे इथे येणाऱ्याचे जुने प्राक्तन. पूर्वी रेंगी-दमणीसारखी बैलगाडी होती, मग सायकल आली, मग मोटार. आता शहरातले हौशी सायकलस्वार आगगाडीत सायकल टाकून खेड्यांकडे निघू लागले आहेत, आणि ग्रामीण पर्यटनाच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरली जाते: पाहुणचार आपल्या खेड्यांच्या रक्तातच आहे, फक्त त्याची जाहिरात व्हायला हवी. मला हे गृहीतक मान्य नाही. आगगाडीतून उतरलेल्या परक्याला खेड्याचे दार उघडे झाले ते यजमानाच्या मोठ्या मनामुळे कमी, आणि ठरलेला दर, पावती आणि पैसे टाकून मिळणारी सेवा यांच्यामुळे जास्त.

रेल्वे इथे पाहुण्यांसाठी आली नव्हती. बंगाल नागपूर रेल्वेने सातपुड्यातला अडीच फुटी मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी टाकला. गोंदियाहून नैनपूर आणि १९०५पर्यंत थेट जबलपूर. बालाघाटहून वारासिवनीवरून कटंगीला फाटा गेला, तर तुमसरहून तिरोडीची मोठी लाईन मँगनीजच्या खाणींसाठी पडली. धान, लाकूड आणि खनिज बाहेर न्यायचे, हा हेतू. पण त्याच गाडीत तिसऱ्या वर्गाचा डबा होता, आणि त्या डब्याचे तिकीट जात न विचारता मिळत असे. स्टेशनावर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे होते हे खरे, म्हणून रेल्वेला समतेची पालखी म्हणता येणार नाही. तरी तिकीट खिडकीवरचा दर सगळ्यांना सारखा होता. फलाट संपला की हा नियमही संपायचा.

तो किती लगेच संपायचा याची साक्ष बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवली आहे. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव घरातल्या मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाला आणि मसूर स्टेशनावर उतरला. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलले. मुले महार आहेत हे कळताच त्यांचा चेहरा बदलला. एकही गाडीवान मुलांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवानाने बरोबर चालत यायचे असे ठरले. १९२९ साली चाळीसगावला तेच झाले. तेव्हा आंबेडकर अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य होते. टांगेवाल्यांनी नकार दिला, टांगा नवख्या माणसाने हाकला, त्याला अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. दोन्ही वेळा आगगाडीने आपले काम केले होते आणि वाट अडली ती शेवटच्या काही मैलांवर. ही दोन्ही ठिकाणे वैनगंगेपासून लांब आहेत, पण इकडची गावरचना काही वेगळी नव्हती. मध्यप्रांतात दौऱ्यावरच्या साहेबाची सरबराई मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, करायचा. सामान वाहायला, लाकूडपाणी आणायला कोटवार आणि बेगारीची माणसे जुंपली जायची. पाहुणचाराच्या ज्या आठवणी आज सांगितल्या जातात त्यातल्या पुष्कळशा या बेगारीवर उभ्या होत्या. मालगुजारी गेली ती १९५०च्या कायद्याने.

सायकलचे मोल मला इथे दिसते. बैलगाडीला गाडीवान लागतो, टांग्याला टांगेवाला. सायकलला कोणीच लागत नाही. स्टेशनासमोर किरायाने सायकल देणाऱ्याचे दुकान म्हणजे भिंतीला टेकवलेल्या काळ्या सायकली, मडगार्डवर रंगाने घातलेला नंबर, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणारा पोरगा, आणि एक वही. वहीत नाव, गाव, नेल्याची वेळ. तासाचा दर सगळ्यांना एकच. यावर आक्षेप येईल की दुकानदार ओळखीशिवाय सायकल देत नसे, आणि गाव-मोहल्ला विचारला की जात कळतेच. आक्षेप रास्त आहे. पण ओळख मागण्यामागे सायकल परत येईल की नाही ही धास्ती होती. अनामत ठेवली की ती मिटे. विटाळाची धास्ती कुठल्याही अनामतीने मिटत नसे. आणि एकदा पायडल मारले की आपल्या शेजारी कोण बसले आहे हा प्रश्न कोणाला विचारता येत नव्हता.

पैशाने मिळते ते स्वागत कसले, असे कोणी म्हणेल. इंग्लंडचे उदाहरण पाहावे. तिथे १८७८ साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या क्लबाने खेडोपाडीच्या खानावळींशी सभासदांसाठी दर ठरवून घेतले. पंख फुटलेल्या चाकाची लोखंडी पाटी दारावर दिसली की तिथे जेवण आणि खाट मिळणार हे नक्की. तरी १८९८ साली सरे परगण्यातल्या ऑकहॅम इथल्या होबॉय हॉटेलात लेडी हार्बर्टन यांना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही, कारण त्या सायकलसाठी सोयीची विजार घालून आल्या होत्या. क्लबाने पुढच्या वर्षी मालकिणीवर खटला भरला आणि तो हरला. दुसऱ्या खोलीत बसायला सांगितले होते, हे न्यायालयाला पुरेसे वाटले. खटला हरला तरी प्रश्न योग्य जागी मांडला गेला होता: दार उघडे ठेवणे हे खानावळीचे बंधन आहे, तो मालकिणीच्या मर्जीचा प्रश्न नव्हे. आपल्याकडे हा प्रश्न फार मोठी किंमत मोजून, पाणवठ्यावर आणि देवळाच्या दारात विचारावा लागला.

उरतो धर्मशाळेचा आणि जत्रेचा आक्षेप. वारासिवनीजवळच्या रामपायलीला चंदन नदीच्या काठी राममंदिर आहे आणि कार्तिक पौर्णिमेला जत्रा भरते. तिथे दाम न घेता परक्याला जागा मिळत आली असेलच, आणि त्या सेवेचा मला आदर आहे. पण तो आसरा यात्रेकरूला मिळतो. ज्याला कुठल्याही देवाचे निमित्त नाही अशा वाटसरूला तो मिळेल याची हमी नसते. शिवाय धर्मशाळेच्या पाटीवर दात्याच्या जातीचे नाव कोरलेले असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही.

अडीच फुटी गाडी २०१५ साली नैनपूरकडे कायमची थांबली. बालाघाटचे मार्ग आता रुंद झाले आहेत, कटंगी आणि तिरोडीही जोडली गेली आहेत. सायकल घेऊन येणाऱ्याला ती सामान म्हणून नोंदवावी लागते, हँडलला नावाचा आणि स्टेशनाचा पुठ्ठा बांधावा लागतो आणि ब्रेकव्हॅनमधून उतरवून घ्यावी लागते. छोट्या स्टेशनावर गाडी मिनिट-दोन मिनिटे थांबते, तेवढ्यात हे होत नाही. म्हणून खैरलांजीकडे सायकलस्वार यावेत असे ज्यांना वाटते त्यांनी औक्षणाची ताटे आणि फेटे यांच्या आधी वारासिवनीला सायकल उतरवून घेण्याची सोय मागावी. गावात पंचरवाल्याचा आणि जेवणाचा दर फळ्यावर लिहावा. ताटात बालाघाटचा चिन्नोर तांदूळ असला तर उत्तमच. मुक्कामाची खोली ग्रामपंचायतीची असावी, एखाद्या वाड्याची नको, आणि तिची किल्ली पावती फाडून मागेल त्याच्या हातात मिळावी.