दगडी वाड्याची ओल

पुण्याच्या शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत नष्ट झाले. दगडी जोती मात्र आजही उभी आहेत. खाली पाषाण आणि वर सागवान, ही दख्खनच्या वाड्यांची सर्वसाधारण रचना. काळा पाषाण स्वतः पाणी फारसे शोषत नाही. ओल चढते ती सांध्यांतून आणि भिंतीच्या पोटातून. दोन घडीव थरांच्या मधोमध माती-गोट्यांचा भराव घालीत. जमिनीतील पाणी त्यातून वर सरकते. जुन्या गवंड्यांना हे पुरते ठाऊक होते. त्यांनी जोते उंच घेतले, खांब मातीत न पुरता तळखड्यावर उभे केले आणि दरजा चुन्याने भरल्या. चुना ओल घेतो, तशीच ती बाहेरही सोडतो.

पोरबंदर येथे १९१४ साली सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. कालांतराने सिमेंट गावोगावी पोहोचले आणि जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुन्या भिंतींवर त्याचा गिलावा चढला. भिंत देखणी झाली, पण आतल्या ओलीला वाट उरली नाही. लोणा फुटला, भिंतीत बसवलेली तुळयांची टोके कुजू लागली. ‘वाडा म्हातारा झाला’ असे म्हणून कित्येक वास्तू पाडल्या गेल्या. पुष्कळदा दोष त्या गिलाव्याचाच असे.

ओलीमागोमाग वाळवी येते. भुंग्याची तऱ्हा थोडी वेगळी. त्याची अळी सागाच्या पक्क्या गाभ्याला सहसा शिवत नाही. बाहेरचे पांढरे, कच्चे लाकूड पोखरते. छिद्र दिसते, तेव्हा त्यातून भुंगा बाहेर पडून गेलेला असतो. छिद्राखाली ताजा भुसा पडत नसेल, तर ती कीड बहुधा जुनीच. अशा लाकडावर औषध ओतणे व्यर्थ होय.

जैन कुटुंबापुढे येथे खरा पेच उभा राहतो. कीड लाकडात शिरल्यावरचा उपाय हिंसेशिवाय होणे कठीण. म्हणूनच यतनेचा भर जीवोत्पत्ती होऊ न देण्यावर आहे. श्वेतांबर परंपरेत पावसाळा सरल्यावर, कार्तिक शुद्ध पंचमीच्या ज्ञानपंचमीनिमित्त, भांडारांतील पोथ्या काढून झाडण्याची व त्यांची वेष्टने बदलण्याची चाल आहे, ती याच दृष्टीने.

वाड्याच्या दुरुस्तीतही क्रम तोच. आधी पन्हळी आणि गटारे नीट करावीत, मग सिमेंट खरवडून चुना लावावा आणि एखादा उन्हाळा भिंत वाळू द्यावी. लाकडाला हात सर्वांत शेवटी. खांबाचा कुजलेला बुंधा तेवढा कापून तेथे सागाचा नवा तुकडा सांधता येतो. वरचा खांब जागचा हलवावा लागत नाही.