अपोलो १५ लिफाफे प्रकरण

अंतराळमोहिमेत नेलेल्या वस्तू विकून अंतराळवीरांनी पैसे मिळवावेत का, या वादातील सर्वांत गाजलेले प्रकरण. अमेरिकेच्या ‘अपोलो १५’ मोहिमेवर (२६ जुलै ते ७ ऑगस्ट १९७१) डेव्हिड स्कॉट, आल्फ्रेड वर्डन आणि जेम्स अर्विन यांनी तिकिटे लावलेले सुमारे ४०० लिफाफे नासाची परवानगी न घेता यानातून नेले. ते ‘फाल्कन’ या चांद्र-अवतरक यानातून चंद्रावर जाऊन आले, परतल्यावर ‘ओकिनावा’ जहाजावर त्यांच्यावर टपालाचे शिक्के पडले. त्यांतले १०० पश्चिम जर्मनीतील तिकीट-व्यापारी हेर्मान झीगर यांच्याकडे गेले. बदल्यात तिघांना प्रत्येकी सुमारे ७,००० डॉलर मिळायचे होते. अपोलो कार्यक्रम संपेपर्यंत विक्री होणार नाही, असे हे तिघे धरून चालले होते. झीगर यांनी मात्र त्याच वर्षी लिफाफे सुमारे १,५०० डॉलर दराने विकायला काढले. हे कळल्यावर तिघांनी पैसे सोडून दिले. तरीही १९७२ मध्ये नासाने त्यांना ताकीद दिली, उरलेले लिफाफे ताब्यात घेतले आणि अपोलो १७ च्या राखीव चमूतून त्यांना काढले. तिघांपैकी कोणीही पुन्हा अंतराळात गेले नाही.

त्यांची चूक खरी होती. उड्डाणाचा सारा खर्च जनतेचा. त्या उड्डाणामुळे वस्तूला आलेली किंमत गुपचूप खिशात घालण्याचा हक्क कोणालाच नव्हता. पण दोष फक्त तिघांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. मर्क्युरी मोहिमेच्या सात अंतराळवीरांनी १९५९ मध्ये आपल्या आत्मकथनाचे हक्क ‘लाइफ’ नियतकालिकाला विकले, तेही नासाच्या संमतीने. म्हणजे नाव विकलेले चालत होते, वस्तू विकलेली नाही. आणि ही सीमा वेळीच स्पष्ट करणे नासाचेच काम होते. पुढे वर्डन यांनी दावा लावल्यावर १९८३ मध्ये सरकारने जप्त लिफाफे परत केले.

२०११ मध्ये वाद पुन्हा पेटला. अंतराळवीर जेम्स लव्हेल यांची अपोलो १३ वरची टिपणवही लिलावात ३,८८,००० डॉलरांवर गेली, तेव्हा तिच्या मालकीवरच नासाने प्रश्न उठवला. अंतराळवीर एडगर मिचेल यांच्याकडील मोहिमेतल्या कॅमेऱ्यासाठी तर सरकार न्यायालयात गेले. अखेर मिचेल यांनी तो संग्रहालयासाठी दिला. चाळीस वर्षे घरात जपलेल्या वस्तूंसाठी म्हाताऱ्या अंतराळवीरांना कोर्टात खेचणे नासाला शोभले नाही. २०१२ च्या कायद्याने मर्क्युरी, जेमिनी व अपोलो काळातील अंतराळवीरांना जवळच्या अशा वस्तूंची पूर्ण मालकी मिळाली. चंद्रावरचे खडक व माती मात्र त्यातून वगळली आहे.