दौलताबादचा हौद

दौलताबादचा इतिहास आपल्याला राजवटींच्या क्रमाने शिकवला जातो. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने रामदेवरायाला नमविले, १३२७ साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलविली, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. १९३४ साली याच किल्ल्याच्या दाराशी बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत जे घडले ते सहलीला आलेल्या मुलांना क्वचितच कोणी सांगतो.

त्या काळी येवला ओलांडले की निजामाची हद्द लागे. मुंबई इलाख्यातल्या माणसाला हा परमुलूखच. आमचे ताडकळसही सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच मुलखात होते. पूर्णा, परभणी, औरंगाबाद, दौलताबाद ही स्थानके एकाच लोहमार्गावरची. चळवळीतले तीसेक सहकारी घेऊन बाबासाहेब वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. दौऱ्याची वाच्यता मुद्दामच केली नव्हती. अस्पृश्याने प्रवास करायचा तर तो लपतछपत, हे विलायतेच्या तीन गोलमेज परिषदा गाजविलेल्या माणसालाही चुकले नव्हते.

दौलताबादच्या वेशीशी आपले लोक चहाफराळाची तयारी करून वाट पाहत होते. अंधारापूर्वी किल्ला पाहायचा म्हणून मंडळी चहा परतताना घेऊ म्हणाली आणि पुढे गेली. महिना रमजानचा. किल्ल्याच्या दाराबाहेर एक लहान हौद काठोकाठ भरलेला होता. प्रवासाची धूळ अंगावर होती. काहींनी भोवतालच्या फरसावर तोंड, पाय धुतले. मंडळी दाराशी पोचते न पोचते तोच एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान हौद बाटला म्हणून ओरडत मागून आला. जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या पाण्यापासून अडवाल काय, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा जमाव जरा निवळला. अखेर किल्ला पाहण्यास परवानगी मिळाली. अट एवढीच की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. पाळत ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला.

या अटीचा नीट विचार केला पाहिजे. उभा तासलेला कातळ, खंदक, भुयारी अंधारी, तोफा, सारे संरक्षण तुम्ही खुशाल पाहा. राज्याची गुपिते पाहणाऱ्याची भीती नव्हती. भीती ओंजळीची होती. आणि हा किल्ला म्हणजे तरी काय? कोरडवाहू मुलखातल्या डोंगरावर पाणी साठविण्याची करामत. हत्ती हौद पाहिला की कळते, इथली सत्ता पाण्यावर बसलेली होती. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा इब्न बतुता या शहरात येऊन गेला. त्याने इथल्या बाजाराचे आणि किल्ल्यातल्या कैदखान्याचे वर्णन लिहून ठेवले. समुद्रापलीकडचा परका इथे पाहुणा ठरला. सहाशे वर्षांनी आलेला या मातीतला माणूस पाहुणाही ठरला नाही.

महाडचा सत्याग्रह १९२७ चा. चवदार तळ्याचा दावा तेव्हा न्यायालयात चालूच होता. हायकोर्टाचा निकाल १९३७ साली लागला. महाडला अडविणारे सनातनी हिंदू होते, इथे अडविणारे मुसलमान. म्हणून दौलताबादचे उदाहरण मुसलमानांविरुद्ध वापरू पाहणाऱ्यांनी ते बाबासाहेबांनी कोठे लिहिले आहे हे आधी पाहावे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या टिपणात त्याच्या आधी बडोद्याचे नोकरीचे दिवस आहेत, पारशी सराईतून हाकलले गेल्याची हकिगत आहे, चाळीसगावचा टांगा आहे. हिंदूंनी जन्माला घातलेला हा रोग शेजारच्या धर्मांनीही अंगवळणी पाडून घेतला, असा त्या मांडणीचा रोख आहे.

त्या टिपणातली एक गोष्ट मात्र वाचकांच्या नजरेतून सहसा निसटते. जमावाने स्थानिक अस्पृश्यांनाही धारेवर धरले. या परक्यांना हौद आपल्याला खुला नाही हे तुम्ही का सांगितले नाही, असा त्यांना जाब विचारला. हात धुतले गेले तेव्हा ते बिचारे तिथे नव्हतेच. तसे ते सांगतही राहिले, पण कोणी ऐकेना. आम्हा खेड्यातल्यांना या ओळी वेगळ्या वाचता येतात. मोटारी वेरूळला निघून गेल्या. चहा मांडून बसलेल्यांना मात्र दुसऱ्या दिवशी उजाडता त्याच हौदावरून, त्याच दाढीवाल्याच्या दारावरून कामाला जायचे होते.