‘कॉन्फिगर’ची कुळकथा

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उतरवून घेतल्यावर ते कंपाइल करण्यापूर्वी ‘कॉन्फिगर’ नावाची जी पटकथा, म्हणजे स्क्रिप्ट, अनेकदा चालवावी लागते, तिचे मूळ युनिक्सच्या फाटाफुटीत आहे. 1977च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील वूलन्गाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी आणि बेल लॅब्समध्ये स्टीव्ह जॉन्सन व डेनिस रिची यांनी इंटरडेटा कंपनीच्या यंत्रांवर युनिक्स चालवून दाखवले, तेव्हा सी भाषेत लिहिलेली कार्यप्रणाली एका यंत्राला जखडलेली नसते हे सिद्ध झाले. पुढे मात्र यंत्रांमधील फरकापेक्षा युनिक्सच्याच शाखांमधील फरक अधिक जाचक ठरला. अक्षरमालेत एखादे अक्षर शोधणाऱ्या फंक्शनला बर्कलीच्या बीएसडी शाखेत ‘इंडेक्स’ म्हणत, तर एटी अँड टीच्या सिस्टीम व्ही शाखेत त्याच कामासाठी ‘एसटीआरसीएचआर’ होते. त्यामुळे एका शाखेवर निर्वेध कंपाइल होणारा प्रोग्रॅम दुसरीवर अडत असे.

यावरचा पहिला उपाय म्हणजे ‘इफडेफ’, म्हणजे अमुक नाव ठरवून दिलेले असेल तरच पुढच्या ओळी विचारात घ्याव्यात अशी कंपायलरला दिलेली सूचना. यात कार्यप्रणालीच्या नावावरून तिच्या गुणांचा तर्क केला जाई आणि नेमका तिथेच हा उपाय कच्चा होता, कारण पुढच्या आवृत्तीत कार्यप्रणालीचे नाव तेच राहते, पण तिच्यातील फंक्शने बदलतात. लॅरी वॉल यांनी 1984च्या सुमारास आपल्या ‘आरएन’ या वृत्तवाचक प्रोग्रॅमसोबत जी ‘कॉन्फिगर’ पटकथा दिली, ती यंत्र स्वतः चाचपून पाहत असे आणि आपले अंदाज वापरणाऱ्याला प्रश्न विचारून पडताळून घेत असे.

जून 1991 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी ग्नू उपयुक्तिकांची देखभाल करणाऱ्या डेव्हिड मॅकेन्झी यांच्यासमोर हाच प्रश्न आला. वापरणाऱ्याने मेकफाइलमध्ये, म्हणजे बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये, हाताने निवडायचे पर्याय वाढत वाढत वीसच्या घरात गेले होते. मॅकेन्झी यांनी यांपैकी काही पर्याय आपोआप ओळखणारी एक छोटी शेल पटकथा लिहिली, ती इतर पॅकेजांनाही जोडली आणि 1992 मध्ये अशा पटकथा तयार करून देणारे ‘ऑटोकॉन्फ’ हे साधन आकाराला आले. त्यातील विचार आजही थक्क करणारा आहे: कार्यप्रणालीला तिचे नाव विचारूच नये, त्याऐवजी हवे ते फंक्शन वापरणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून कंपायलरपुढे ठेवावा; तो कंपाइल झाला तर ‘आहे’, अडला तर ‘नाही’. कंपायलरची चूक ही अशा रीतीने माहिती बनली.

मात्र चाचणी-प्रोग्रॅम अडण्यामागे दोन वेगळी कारणे असू शकतात. एक तर ते फंक्शन खरोखरच नसते, किंवा चाचणी-प्रोग्रॅमच सदोष असतो. पटकथेला या दोहोंतील भेद कळत नाही. जुन्या चाचण्यांमध्ये, विशेषतः पॅकेजकर्त्यांनी स्वतः लिहिलेल्या चाचण्यांमध्ये, ‘एक्झिट’सारखे फंक्शन त्याची घोषणा असलेली हेडर फाइल न जोडता वापरलेले आढळते. 1989च्या सी मानकात ते चालत असे; 1999च्या मानकाने ही सवलत काढून घेतली, तरी कंपायलर पुढेही बराच काळ केवळ इशारा देत राहिले. 2023 मध्ये क्लँग 16 आणि 2024 मध्ये जीसीसी 14 या आवृत्त्यांनी त्या इशाऱ्याचे चुकीत रूपांतर केले, तेव्हा अस्तित्वात असलेल्या फंक्शनांबाबतही पटकथा ‘नाही’ असे उत्तर देऊ लागल्या. यातला खरा धोका हा की बांधणी दर वेळी थांबतेच असे नाही. एखादी सोय मुकाट्याने वगळलेला प्रोग्रॅम तयार होतो, किंवा चूक भलत्याच फाइलमध्ये उमटते आणि शोध घेणारा तिथेच अडकून पडतो.

हा दोष दीर्घकाळ टिकण्याचे कारण ऑटोकॉन्फच्या एका उत्तम निर्णयातच आहे. वापरणाऱ्याकडे साध्या शेलखेरीज काही असेल असे गृहीत धरायचे नाही म्हणून तयार पटकथाच पॅकेजमध्ये घालून दिली जाते आणि त्यामुळे पटकथा ज्या वर्षी बनली त्या वर्षीच्या चाचण्या तिच्यात गोठून राहतात. त्यात ऑटोकॉन्फच्या 2.69 (एप्रिल 2012) आणि 2.70 (डिसेंबर 2020) या आवृत्त्यांमध्ये आठ वर्षांहून अधिक काळ गेला.

म्हणून जुने पॅकेज कंपायलरच्या नव्या आवृत्तीने बांधताना पडद्यावरील शेवटच्या चुकीपेक्षा ‘कॉन्फिग.लॉग’ ही फाइल आधी पाहणे श्रेयस्कर, कारण प्रत्येक फसलेला चाचणी-प्रोग्रॅम आणि त्यावर कंपायलरने नोंदवलेली तक्रार तिच्यात जशीच्या तशी असते. तक्रार घोषणेविषयी असेल तर चाचणीत योग्य हेडर जोडून ‘ऑटोरीकॉन्फ’ने पटकथा पुन्हा तयार करावी; कंपायलरला 1989च्या मानकाप्रमाणे वागायला लावणारा पर्याय केवळ तात्पुरता समजावा. आणि दुरुस्ती स्वतःपुरती न ठेवता मूळ प्रकल्पाकडे अवश्य पाठवावी, नाहीतर तोच शोध प्रत्येक लिनक्स वितरणाला नव्याने घ्यावा लागतो.