मुंब्र्याचा वळसा

मुंबईला जायचे म्हणजे आमच्या लहानपणी रामवाडीला जाऊन उभे राहायचे. पेण गावापासून जरा बाजूला, गोव्याच्या महामार्गाला लागून एसटीचा डेपो आहे, ती ही रामवाडी. गणपतीच्या आधी पेणच्या मूर्ती भरलेले ट्रक मुंबईकडे निघत आणि त्याच रस्त्याने चाकरमानी उलट दिशेने घरी येत. माझे मामू त्या चाकरमान्यांपैकी एक. गोदीत कामाला, राहायला घोडपदेवच्या चाळीत. सकाळी डबा घ्यायचा आणि पायी निघायचे, वीस मिनिटांत कामावर. "आपल्याला लोकलची कटकट नाही," हे ते मोठ्या ऐटीत सांगत.

जुनी माणसे सांगत, वाशीचा पूल होण्याआधी पनवेलहून गाडी शीळफाटा, मुंब्रा, ठाणे अशी फिरून मुंबईत शिरायची. १९७३ साली खाडीवर पूल झाला आणि मुंब्रा आमच्या वाटेतून गेले. मामूंच्या लेखी मुंब्रा म्हणजे डोंगर, खाडी आणि चहाची टपरी. तिथे आपल्याला राहायला जावे लागेल असे १९९२ च्या नोव्हेंबरात कुणी म्हटले असते, तर ते हसले असते.

शहरात माणूस कुठून कुठे जातो, कुठल्या गल्लीतून जातो, कुठली टाळतो, हे तो स्वतः ठरवतो असे आपल्याला वाटते. मुंबईपुरते बोलायचे तर हे कधीच फारसे खरे नव्हते. कंपनी सरकारच्या काळात फोर्ट खरोखरीचा किल्ला होता. तट होते, वेशी होत्या आणि रात्री त्या बंद होत. आज आपण चर्चगेटला उतरतो ते त्यांतल्याच एका वेशीचे नाव. १८०३ साली किल्ल्यात मोठी आग लागली. त्यानंतर पुष्कळ देशी वस्ती तटाबाहेर, उत्तरेकडे सरकली. तट आणि ही वस्ती यांच्या मध्ये मैदान मोकळे ठेवले होते, कारण शत्रू आला तर तोफेच्या माऱ्याला अडथळा नको. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल हे त्याचेच उरलेले तुकडे. आज तिथे पोरे क्रिकेट खेळतात. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली निघाले तो काळ गव्हर्नर फ्रिअरचा. त्याच काळात तट पाडले गेले. वेशी गेल्या, पण गोऱ्यांचे शहर आणि काळ्यांचे शहर ही विभागणी राहिली.

काळ्यांच्या शहरातही मोहल्ल्यामोहल्ल्याच्या हद्दी होत्या. मोहरममध्ये एका मोहल्ल्याची टोळी दुसऱ्याच्या गल्लीतून वाजतगाजत गेली की हाणामारी ठरलेली. यांत मुसलमान विरुद्ध मुसलमान अशा मारामाऱ्या पुष्कळ असत, हे मी मुद्दाम सांगतो. १९११ च्या मोहरममध्ये गोळीबार झाला आणि पुढच्या वर्षी पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांनी मिरवणुकांना असे नियम लावले की जुना टोळ्यांचा मोहरम संपलाच. त्याआधी १८९३ च्या ऑगस्टात हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल होऊन गेली होती. कुणी कुठल्या रस्त्याने जायचे, वाद्ये कुठे थांबवायची, हा प्रश्न तेव्हापासून सरकारदरबारी जाऊन बसला तो अजून उठलेला नाही.

आणि हे फक्त धर्माचे नाही. वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बांधल्या. तिथे कोणत्या चाळीत दलित आणि कोणत्या चाळीत सवर्ण, हे चाळीच्या नंबरावरून सांगता येत असे. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर तिथे दंगल पेटली. १० जानेवारीला परळला निघालेल्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता वरून टाकलेल्या दगडाने मेला. एका आवारातल्या दोन चाळींमधले अंतर त्या महिन्यात पावलांत मोजण्यासारखे राहिले नव्हते.

आता माझ्या डोळ्यांसमोरचे सांगतो. बीए होऊन मी नोकरी शोधायला मामूंकडे राहिलो होतो. जानेवारी १९९३ चा दुसरा आठवडा. शेजारच्या खोलीत साताऱ्याकडचे एक माथाडी काका राहत, मशीद बंदरला ओझी वाहत. त्यांच्याच धंद्यातली माणसे डोंगरीकडे झोपेत मारली गेली होती. आठ तारखेच्या पहाटे जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत घर पेटवून सहा हिंदूंना जाळले गेले. त्यानंतर शहरात जे सुरू झाले ते आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन ठेपले. काका रात्री आमच्या खोलीत आले आणि म्हणाले, "मामू, उद्या पहाटे निघा. मी सोडतो." त्यांच्या बिरादरीतली माणसे मेली होती आणि ते आम्हाला सोडायला निघाले होते! मामी साडीच नेसायची, त्यामुळे तिचे फार काही बदलावे लागले नाही. तरी काकूंनी तिच्या कपाळाला कुंकू लावले. मामी काही बोलली नाही. गल्ल्या टाळत, मोठ्या रस्त्याच्या कडेकडेने, तासभर चालून आम्ही एसटी गाठली. मी चालताना मराठी कविता पुटपुटत होतो. कुणी अडवले तर तोंडातून आपोआप मराठी निघावे म्हणून. आजही कुणी मला "तुम्ही मराठी छान बोलता हो" म्हणाले की मला ती पहाट आठवते. रामवाडीला उतरलो तेव्हा मामू थांब्याच्या कट्ट्यावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली आला. दोन्ही महिन्यांचे मिळून ९०० मृत्यू. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जण कोण ते कळले नाही, ५ इतर. मृत्यू कशाने झाले त्याचेही आकडे आहेत. पोलीस गोळीबारात ३५६, भोसकून ३४७. या दुसऱ्या आकड्यापाशी मी नेहमी थांबतो. यांतले कितीतरी जण फक्त कुठूनतरी कुठेतरी चाललेले असणार. १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसे गेली आणि उरलासुरला धीरही गेला.

मामूंनी खोली पडेल भावात विकली आणि मुंब्र्याला गेले. कोकणातले, मुंबईतले हजारो मुसलमान त्या वर्षांत तिथे गेले. काही हजारांची वस्ती पुढे लाखांवर पोहोचली. वीस मिनिटे चालून कामावर जाणारा माणूस पन्नाशीत लोकलला लटकू लागला. जाऊन-येऊन रोजचे तीन तास. इकडे माथाडी काकांनीही आपली वाट बदलली. दोन गल्ल्यांमधून दहा मिनिटांत जायचे ते मोठा फेरा घालून कामावर जाऊ लागले. दोघांनीही एकमेकांचा कधी राग धरला नाही. फक्त भेटणे राहिले, कारण भेटायला जायचे कुठून?

मुंब्र्याची गंमत अशी, आणि गंमत म्हणवत नाही, की रेल्वेही त्याला टाळून जायची. जुना, १८५४ चा लोहमार्ग पारसिकच्या डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जातो. १९१६ साली डोंगराच्या पोटातून बोगदा काढला आणि जलद गाड्या सरळ निघून जाऊ लागल्या. मुंब्रेकरांना धीमी गाडी. २०२२ साली नव्या मार्गिका झाल्या आणि रुळांची मांडणी बदलली, तोवर शंभर वर्षे हेच चालले. बोगदा काढणाऱ्या इंजिनियराच्या मनात १९९३ नव्हते, हे उघड आहे. पण ज्या जागा टाळून रस्ते निघतात तिथे जमीन स्वस्त राहते, आणि पळून आलेल्या माणसाला स्वस्त जमीनच परवडते. मुंबईत २००२ च्या सुमारास जे. जे. रुग्णालयापासून क्रॉफर्ड मार्केटकडे सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल झाला. मोहम्मद अली रोड आता पुलाखाली आहे. सोय झाली, नाही म्हणत नाही, मीही टॅक्सीने त्यावरून जातो. पण हा भाग न पाहता, तिथे पाय न ठेवता, तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्यांजवळून जाता येते, हेही खरे.

आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात १९६९ पासून कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये भिंती उभ्या राहिल्या. त्यांना नाव काय, तर शांततेच्या भिंती. काही फाटके रात्री बंद होतात. जाळपोळीमुळे बस बंद पडल्या तेव्हा फॉल्स रोडच्या लोकांसाठी वेगळ्या आणि शँकिल रोडच्या लोकांसाठी वेगळ्या काळ्या शेअर टॅक्स्या सुरू झाल्या. आमच्याकडे भिंत बांधावी लागत नाही. सोसायटीच्या दारावर नाव विचारले की काम भागते. माझ्या मुलीला दादरला नोकरी लागली तेव्हा आम्ही जवळपास भाड्याची खोली शोधली. फोनवर सगळे ठरायचे, भेटल्यावर नाव कळले की खोली कालच गेलेली असायची. सहाव्या खोलीनंतर ती म्हणाली, "अब्बा, पुरे. मी मामीदादीकडे राहते." म्हणजे मुंब्र्याला. मामू तोवर गेले होते.

९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. त्या दिवशी किमान चार जण मेले. बातमी आली तेव्हा मी पेणला दाढी करत होतो. मुलीचा फोन चाळीस मिनिटे लागेना. ती आधीच्या गाडीने गेली होती.

हल्ली मी पेणहून दिव्याची गाडी धरतो. दिव्याला उतरायचे, धीमी लोकल घ्यायची, एकच स्टेशन. मी दाराशी उभा राहत नाही, आत घुसतो. मामी आता ऐंशीच्या पुढे आहे. दार उघडले की तिचा प्रश्न ठरलेला, "गाडी लवकर मिळाली का रे रामवाडीला?" मी हो म्हणतो.