कॅट काढायचा सल्ला आला कुठून?

जुनी कार घेऊन अकोल्यात, अमरावतीत गॅरेजवर गेलात की हे वाक्य कानावर पडू शकतं: "भाऊ, कॅट काढून सरळ पाइप टाकू, गाडी मस्त पयते." या सल्ल्यालाही इतिहास आहे बरं.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सायलेन्सरच्या आधीचा डबा. आत प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. तो धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकतो.

१ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल कारला कॅट सक्तीचा झाला, पण फक्त दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासमध्ये. कारण अनलेडेड, म्हणजे बिनशिशाचं पेट्रोल आधी तिथे आलं. शिशाचा थर बसला की कॅट निकामी होतो. म्हणजे मुंबईची कार वऱ्हाडात आणून शिसं असलेलं पेट्रोल भरत राहिलात, की महागडा डबा गेलाच! तेव्हा तो काढण्यात निदान तर्क तरी होता.

२००० च्या सुरुवातीला देशभर अनलेडेड पेट्रोल आलं. कारण संपलं, सल्ला मात्र उरला.

आज कॅट चोंदला तर मूळ दोष अनेकदा इंजिनात असतो: मिसफायर, ऑइल जळणं. डबा काढून तो जात नाही. वर २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचा नियम मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड. आणि राजकमल चौकात तुमच्या मागे स्कूटीवर लेकराला घेऊन थांबलेली बाई? तो धूर तिच्याच नाकात जातो.

भेटू पुढच्या भागात!